तिन्हीसांजेचा कीर्तनकार

तिन्हीसांजेला झोपू नये, नखं काढू नयेत, केर बाहेर टाकू नये, कुणाला मीठ उसनं देऊ नये आणि पिंपळाखालून तर मुळीच जाऊ नये, एवढं आपल्याकडच्या प्रत्येक आजीने प्रत्येक नातवाला बजावून ठेवलेलं असतं. कारण विचारलं तर आजी सांगत नाही. आजीचा अर्धा दरारा कारण न सांगण्यात असतो. अमेरिकेत अशा आज्यांची टंचाई असावी, कारण तिथे हे काम एका बाप्याला अंगावर घ्यावं लागलं. २ ऑक्टोबर १९५९ च्या रात्री सीबीएसच्या दूरचित्रवाणीवर त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. पहिलं वर्ष जवळजवळ नुसता आवाजच. दुसऱ्या वर्षापासून आवाजामागचे गृहस्थही दिसू लागले. अंगात गडद सूट, भुवया सुटापेक्षा गडद, बोटांत सिगारेट, आणि वरच्या ओठाला शक्यतो त्रास न देता बोलण्याची तऱ्हा. नाव रॉड सर्लिंग. मालिकेचं नाव 'द ट्वायलाइट झोन'. मराठीत सांगायचं तर तिन्हीसांजेचा मुलूख.

हे गृहस्थ एका बाजूला उभे राहून सांगत, की बघा, हे अमुक अमुक, ह्यांचं वय इतकं, धंदा असा, स्वभाव तसा, आणि ह्यांना बिचाऱ्यांना ठाऊक नाही की आज ह्यांची गाडी भलत्याच स्टेशनात शिरणार आहे. एवढं बोलून ते गडप होत आणि त्या माणसाचं व्हायचं ते होई. दर भागात गोष्ट नवी, माणसं नवी, नट नवे. आज सुरू झालेली गोष्ट आजच संपायची, तीही पंचवीस मिनिटांत. सासू जिन्यावरून घसरली की तिला तळमजल्यावर पोचायला तीन आठवडे लागतात, अशा मालिकांवर पोसलेल्या प्रेक्षकाला हे खरं वाटायचं नाही. पण १९५९ ते १९६४ ह्या पाच वर्षांत अशा १५६ गोष्टी झाल्या आणि त्यांतल्या ९२ एकट्या सर्लिंगने लिहिल्या. एवढं लिहिताना माणसाला सही करायलासुद्धा वेळ कसा मिळाला असेल, देव जाणे.

ह्या पावसाळ्यात मी त्या मालिकेला पुन्हा बसलो, आणि तिच्यापाठोपाठ तिच्या पुनर्जन्मांनाही. असे तीन आहेत: १९८५ चा, २००२ चा आणि २०१९ चा. शिवाय १९८३ साली सिनेमाच्या पडद्यावर संचार झाला होता तो वेगळा. पुनर्जन्म कर्माप्रमाणे मिळतो म्हणतात. पहिल्या जन्मी एवढी पुण्याई गाठीला असताना ह्या मालिकेला २००२ सालचा जन्म का मिळावा, ह्याचा खुलासा चित्रगुप्तच करू जाणे.

मालिकेचा लौकिक आहे तो शेवटच्या धक्क्यासाठी. मग ज्याचा धक्का आधीच खाऊन झाला आहे ती गोष्ट पुन्हा बघायची कशाला? आमच्या घरी तर हा प्रश्न पहिल्यांदा बघतानाही पडतो. कारण आमची ही पाचव्या मिनिटाला, वाटाणे सोलता सोलता सांगते, "अहो, ती मेलेलीच आहे." आणि ती खरोखरच मेलेली निघते. 'द हिच-हायकर' ह्या भागात मोटार हाकत निघालेल्या त्या बाईला आपण मेल्याचं कळायला जवळजवळ सगळा भाग लागतो. हिला वाटाण्याच्या दोन मुठी लागल्या.

पण मग लोक १८८२ पासून 'सौभद्र' बघायला का जातात? सुभद्रा अर्जुनाच्याच गळ्यात माळ घालणार, हे थिएटरातल्या पंख्यांनासुद्धा ठाऊक असतं. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत आपण शेवटाकडे बघतच नाही. वाटेवरच्या झाडांकडे बघतो. झाडं नसतील तर मात्र पंचाईत.

ह्या कसोटीला त्या १५६ भागांचे सरळ दोन ढीग पडतात. नुसत्या धक्क्यावर उभे असलेले भाग दुसऱ्यांदा बघताना बसकण मारतात. 'टू सर्व्ह मॅन' घ्या. १९६२ चा भाग, अतिशय गाजलेला. कॅनॅमिट नावाचे नऊ फुटी परग्रहवासी येतात, पृथ्वीवरची उपासमार मिटवतात, युद्धं थांबवतात. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव उलगडतं: मनुष्यसेवा! सगळे खूश. शेवटी कळतं की ते पाककृतींचं पुस्तक आहे. इंग्रजीत सेवा करायला आणि पानात वाढायला एकच क्रियापद पुरतं. आपल्याकडे सेवा आणि सेवन ह्यांच्यात निदान एका 'न'चं तरी अंतर आहे. विनोद झकास, पण एकदाच. दुसऱ्यांदा बघताना आपण त्या शहाण्या माणसांच्या आधी पंचवीस मिनिटं स्वयंपाकघरात जाऊन बसलेले असतो.

आता ह्याच्याशेजारी 'टाइम इनफ ॲट लास्ट' ठेवा. नोव्हेंबर १९५९, मालिका नुकती कुठे चालायला लागलेली. हेन्री बेमिस हा बँकेतला कारकून. भिंगाच्या काचांचा चष्मा, आणि वाचनाचं असं व्यसन की गिऱ्हाइकाचे पैसे मोजतानाही डोळे पुस्तकात. घरी बायको वाचू देत नाही, बँकेत साहेब वाचू देत नाही. एके दिवशी जेवणाच्या सुटीत तो तिजोरीच्या खोलीत शिरून वाचत बसतो, आणि बाहेर अणुयुद्ध होऊन जग संपतं. हा एकटा उरतो. जीव द्यायला निघतो तेवढ्यात पडक्या ग्रंथालयाची पाटी दिसते. आता वेळच वेळ! तो पायऱ्यांवर पुस्तकांचे ढीग लावतो, ह्या महिन्याची ही, पुढल्या महिन्याची ती, आणि वाकतो तोच चष्मा घसरून फुटतो.

"एवढा शिकलेला माणूस," आमची ही म्हणाली, "आणि जोडीला दुसरा चष्मा ठेवू नये?"

हा मुद्दा बिनतोड आहे. सर्लिंगपाशीही त्याला उत्तर नसावं. पण दुसऱ्यांदा बघताना मला चष्म्याचं काही वाटलं नाही. जीव तुटला तो त्या ढिगांपाशी. बर्जेस मेरेडिथ हा नट ते ढीग अशा काही लगबगीने लावतो, की लग्नघरात पंगतीची पानं मांडणारा एखादा म्हातारा काका आठवावा. त्याने पुढची कित्येक वर्षं मांडून ठेवली आहेत आणि आपल्याला ठाऊक आहे की त्याच्याजवळ आता एक मिनिट उरलं आहे. पहिल्यांदा बघताना हा प्रसंग नुसता आनंदाचा असतो. तो असह्य व्हायला शेवट आधी ठाऊक असावा लागतो.

आणखी एक गोष्ट दुसऱ्यांदाच दिसते. बेमिसची बायको. ती त्याच्या कवितांच्या पुस्तकातली प्रत्येक ओळ काळी करून ठेवते आणि वर त्यालाच ते वाचून दाखवायला सांगते. इतका द्वेष एखाद्या माणसात कुठून येतो, हे सर्लिंग सांगत नाही. बायको आहे, मग कजाग असायचीच, असा त्याचा सरळ हिशेब. त्याच्या कितीतरी गोष्टींतल्या बायका अशा नुसत्या वहाणेतल्या खड्यासारख्या येतात, नवऱ्याला टोचण्यापुरत्या. ९२ गोष्टी लिहिणाऱ्या माणसाला बायकांकडे बघायलाही थोडा वेळ मिळता तर बरं झालं असतं. हे वाक्य आमच्या हिच्या आग्रहावरून घातलेलं नाही, मला स्वतःलाच वाटतं.

सर्लिंगला मुळात परग्रहवासीयांची हौस नव्हती. १९२४ सालचा जन्म. बिंगहॅम्टन नावाच्या गावात वाढलेला, दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून फिलिपाइन्समध्ये लढलेला. परत आला तो नाटकं लिहायला लागला. १९५५ च्या जानेवारीत त्याचं 'पॅटर्न्स' असं गाजलं की महिन्याभरात ते पुन्हा दाखवावं लागलं. पुन्हा दाखवायचं म्हणजे तेव्हा नटांनी पुन्हा तोंडाला रंग लावून पहिल्यापासून सगळं थेट करायचं. पुढल्या वर्षी 'रिक्विएम फॉर अ हेवीवेट'. म्हणजे हा माणूस चांगला नामांकित नाटककार होता. त्याच्या विषयांना मात्र साबण, मोटारी आणि पोलाद विकणाऱ्यांची परवानगी लागे, कारण कार्यक्रमाचे पैसे ते देत.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हाल करून मारलं, आणि सगळ्याच्या सगळ्या गोऱ्या पंचांनी आरोपींना निर्दोष सोडलं. सर्लिंगला ह्यावर नाटक लिहायचं होतं. लिहिलंही. पुरस्कर्त्यांचा धीर सुटला. १९५६ साली ते 'नून ऑन डूम्सडे' ह्या नावाने झालं तेव्हा गाव दक्षिणेतून उचलून पार उत्तरेला न्यू इंग्लंडात नेऊन ठेवलं होतं आणि मेलेला माणूस कुणीतरी परदेशी झाला होता. कोका-कोला हे दक्षिणेचं पेय, म्हणून त्याच्या बाटल्यासुद्धा सेटवर चालल्या नाहीत. अशी सोवळ्यातली मंडळी! १९५९ साली न्यूरेंबर्ग खटल्यावरच्या दुसऱ्या एका लेखकाच्या नाटकातून गॅस हा शब्द पुसला गेला, कारण कार्यक्रमाला पैसे गॅसवाल्यांचे होते. साठ लाख ज्यू मेले ते कशाने, हे प्रेक्षकांनी आपापल्या मनाने समजून घ्यायचं.

तेव्हा सर्लिंगने वेषांतर केलं. 'ट्वायलाइट झोन' सुरू होण्याच्या सुमारास माइक वॉलेस ह्या नामांकित मुलाखतकाराने त्याला जवळजवळ तोंडावरच विचारलं, की म्हणजे आता काही महत्त्वाचं लिहिणं सोडलंत म्हणायचं? सर्लिंगने वाद घातला नाही. बरोबरच आहे, कीर्तनाला निघालेल्या बुवाने चिपळ्या कुठे ठेवल्या आहेत हे सांगत सुटू नये. पुढच्याच मार्चमध्ये, म्हणजे १९६० साली, 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' आला. एका साध्यासुध्या आळीतले दिवे जातात. मोटारी बंद पडतात. कुणा पोराच्या तोंडून निघतं, की परग्रहावरचे लोक आधी आपल्यासारखीच दिसणारी माणसं पाठवतात. झालं! ज्याची मोटार आपोआप सुरू झाली तो कसा सुरू झाला? अमका रात्री-अपरात्री आकाशाकडे का बघत असतो? तळघरात रेडिओ कसला? तास-दोन तासांत शेजारी शेजाऱ्याला गोळी घालतो, आणि टेकडीवर बसलेले खरे परग्रहवासी एकमेकांना सांगतात की आपण फक्त दिवे घालवायचे, बाकीचं ते स्वतःच करतात.

आमच्या सोसायटीतली पाण्याची टाकी मध्यंतरी दोन दिवस रिकामी राहिली होती, तेव्हा मला हा भाग आठवला होता. गोळीबार झाला नाही, कारण आमच्याकडे बंदूक कुणाकडेच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांचं आणि पहिल्या मजल्यावरच्यांचं येणंजाणं मात्र अजून बंद आहे.

पुरस्कर्त्याला ह्यात आक्षेपार्ह काहीच दिसलं नाही. कम्युनिस्ट नाही, काळा-गोरा नाही, कोका-कोला नाही. मंगळावरच्या लोकांची तक्रार येण्याची भीती नव्हती. म्हणजे गंमत बघा, सर्लिंगचं तोंड दाबलं म्हणून तो रूपकात बोलला, आणि रूपकात बोलला म्हणून ते अजून टिकलं. एमेट टिलवरचं ते नाटक जसंच्या तसं झालं असतं तर ते १९५६ सालचं राहिलं असतं. मेपल स्ट्रीट कुठल्याही सालातली आळी आहे. ह्यावरून लेखकांची तोंडं दाबावीत असं मात्र कुणी समजू नये. दाबलेल्या तोंडांतून दर वेळी कीर्तन निघत नाही. बहुतेक वेळा काहीच निघत नाही.

कीर्तन हा शब्द मी उगाच वापरलेला नाही. सर्लिंगचा सगळा थाट बुवांचा. आधी पूर्वरंगात विषय मांडायचा, मग आख्यान लावायचं, शेवटी पुन्हा पुढे येऊन दोन शब्द सांगायचे आणि आरतीचं ताट फिरवायचं. त्याचे दोषही बुवांचेच. कधी कधी निरूपण इतकं लांबतं की आख्यानाला जागा उरत नाही. त्याची सगळी पात्रं, मग तो दारुडा असो, बँकेचा साहेब असो की कुस्तीतून बाद झालेला मल्ल असो, जरा चिडली की सर्लिंगसारखी बोलू लागतात. लांब, वळणावळणाची, विशेषणांची दिंडी निघाल्यासारखी वाक्यं. पण वेळ पंचवीस मिनिटांची होती आणि तिने बुवांना वाचवलं. नाहीतर १९६३ सालचा चौथा हंगाम बघा. कंपनीच्या मनात आलं आणि भाग तासाभराचे झाले. असे १८ भाग निघाले. गोष्टी त्याच चणीच्या, अंगरखा मात्र थोरल्या भावाचा. पाचव्या हंगामात पुन्हा अर्ध्या तासावर आले तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. मी तर टाकलाच.

गरिबीही उपयोगी पडली. मालिकेचं चित्रण एमजीएमच्या आवारात होई आणि १९५६ सालच्या 'फॉरबिडन प्लॅनेट' ह्या सिनेमाचं सामान तिथे पडलेलं होतं. त्यातली उडती तबकडी ह्या मालिकेने इतक्या वेळा उसनी घेतली, की एखाद्या गावातल्या एकुलत्या एका सतरंजीने मुंज, लग्न, बारसं आणि ग्रामसभा सगळं निभावून न्यावं तसं झालं. तबकडी दाखवायला पैसे नाहीत म्हटल्यावर माणसांची तोंडं दाखवावी लागली. तोंडं जुनी होत नाहीत.

मालिका १९६४ साली बंद झाली. सर्लिंगने तिच्यातला आपला हिस्सा कंपनीला विकून टाकला. कलमं मोहरायच्या आधल्या वर्षी बाग विकणारा माणूस कोकणातच असतो असं नाही. पुढे तिची पुनःप्रक्षेपणं होत राहिली, होतच राहिली. सर्लिंग १९७५ साली हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर गेला. वय अवघं पन्नास. त्या बोटांतल्या सिगारेटकडे आता पूर्वीसारखं ऐटबाज म्हणून बघवत नाही.

आता पुनर्जन्मांकडे वळू.

१९८३ च्या सिनेमाबद्दल मला थोडक्यात आटपायचं आहे. चार दिग्दर्शक, चार गोष्टी, त्यांतल्या तीन जुन्याच. त्याच्या चित्रणात जुलै १९८२ मध्ये हेलिकॉप्टर कोसळून व्हिक मॉरो हा नट आणि दोन लहान मुलं दगावली. हे ठाऊक झाल्यावर तो सिनेमा करमणूक म्हणून बघणं माझ्याच्याने झालं नाही.

१९८५ ची आवृत्ती तिच्या लौकिकापेक्षा पुष्कळ चांगली आहे. भाचा म्हणतो, "मामा, तुम्हाला ती आवडते कारण तिच्यातल्या मोटारी तुमच्या ओळखीच्या आहेत." असेल. इथे बुवा दिसत नाहीत. चार्ल्स एडमन नावाच्या, जुन्या मालिकेतही काम केलेल्या नटाचा नुसता आवाज आहे. एका तासात दोन-तीन गोष्टी बसवायच्या, कुठली दहा मिनिटांची तर कुठली अर्ध्या तासाची. जेवढं कापड तेवढाच सदरा, हे तिला कळलं होतं. २७ सप्टेंबरच्या पहिल्याच भागात, ब्रूस विलिस नावाचा तेव्हाचा तरुण नट चुकून स्वतःच्याच घरी फोन लावतो आणि पलीकडून तोच फोन उचलतो. पण त्या रात्रीची माझी आवडती गोष्ट दुसरी, 'अ लिटल पीस अँड क्वाएट'. पोरं, नवरा, कुत्रं आणि कटकटी ह्यांनी पिचलेल्या एका बाईला बागेत एक लोलक सापडतो. ती ओरडली की सारं जग जिथल्या तिथे थांबतं. मग ती निवांत नाश्ता करते, दुकानात गर्दीतून वाट काढते, चार क्षण शांत बसते. शेवटी एका रात्री भोंगे वाजतात, युद्ध पेटल्याची बातमी येते, ती किंचाळून काळ थांबवते आणि रस्त्यावर येऊन वर बघते, तर क्षेपणास्त्र गावाच्या डोक्यावर येऊन अधांतरी थबकलेलं. पुन्हा सुरू करावं तर सगळे मरणार. न करावं तर ही जन्मभर एकटी. गोष्ट तिथेच संपते.

आमची ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आता तरी बसून सावकाश चहा पिईल ती." दोन महासत्तांच्या अण्वस्त्रस्पर्धेवर ह्याहून मार्मिक भाष्य मी कुठल्या अग्रलेखात वाचलेलं नाही.

म्हणजे १९८५ मध्ये वारसा जिवंत होता. जुनं दुखणंही जिवंत होतं. हार्लन एलिसन हा भांडखोर आणि गुणी लेखक मालिकेचा सल्लागार होता. त्या नाताळासाठी तो एका वंशद्वेष्ट्या माणसाची गोष्ट दिग्दर्शित करणार होता. कंपनीच्या सोवळेकऱ्यांनी ती अडवली आणि एलिसन तडकाफडकी सोडून गेला. तीस वर्षांत माणसं बदलली होती, सोवळं तेच होतं.

२००२ च्या आवृत्तीत फॉरेस्ट व्हिटेकर हा मोठा नट निवेदक आहे, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्या गवयासारखा अवघडून उभा आहे. मेपल स्ट्रीटही पुन्हा आली. आता आळीतल्या लोकांना दहशतवाद्यांचा संशय, आणि टेकडीवरच्या परग्रहवासीयांच्या जागी त्यांचंच लष्कर, लोक घाबरल्यावर काय करतात ह्याचा प्रयोग करणारं. अकरा सप्टेंबर २००१ नंतरची अमेरिका म्हणून ते चूक नाही. पण सरकारला दोष दिल्याबरोबर आळीतल्या माणसांचा दोष निम्मा झाला. वर्षभरात ती आवृत्ती आटोपली.

तिच्यातला एक भाग मात्र मी कुणालाही हाताला धरून दाखवीन. जुन्या मालिकेत १९६१ साली 'इट्स अ गुड लाइफ' होता. सहा वर्षांचा एक पोरगा मनात येईल ते करू शकतो, आणि सगळा गाव चोवीस तास त्याच्याकडे हसून बघत "छान केलंस हो बाळ" म्हणत राहतो, कारण न आवडलेल्या माणसाला तो मक्याच्या शेतात धाडून देतो. पूर्वी हा भयपट वाटायचा. हल्ली नातवंडं सुटीला आली की तो घरोघरी चालू असतो. एक्केचाळीस वर्षांनी, २००३ मध्ये, त्याच बिल मूमीने तोच पोरगा चाळिशी उलटलेला करून दाखवला. आई त्या वेळचीच, क्लोरिस लीचमन. आणि त्याच्या मुलीच्या कामाला मूमीची खरी मुलगी. हे परतणं खोटं वाटत नाही, कारण कुणी लहान व्हायचा प्रयत्न करत नाही. सगळे चांगले म्हातारे झाले आहेत आणि अजून घाबरलेले आहेत.

राहता राहिली २०१९ ची. जॉर्डन पील हा हुशार दिग्दर्शक निवेदक. सूट नीटस, उभं राहणं नीटस, पैसा भरपूर. कोका-कोलाची बाटली हलवणारं कुणी नाही आणि घड्याळाकडे बघणारंही कुणी नाही. नेमकं तिथेच घात झाला. पहिल्याच 'द कॉमेडियन'मध्ये, ज्याचं नाव विनोदात घेतलं तो माणूस जगातून नाहीसा होतो, हे पंधराव्या मिनिटाला विनोदवीराला, आपल्याला आणि शेजारच्यांना कळलेलं असतं. मग उरलेली चाळीस मिनिटं तो एकेकाचं नाव घेत राहतो. आमच्या हिने त्यात वाटाणे संपवून गवार निवडली. भाच्याचं म्हणणं, की ते उघडपणे बोलतात, वर्णद्वेषावर, बंदुकांवर, पुरुषीपणावर. बोलतात खरे. पण सगळंच उघड बोलता येतं म्हटल्यावर पात्रं परिसंवादाला बसल्यासारखी बोलू लागतात आणि परग्रहवासीयाला काही कामच उरत नाही.

तेच विमानाचं. १९६३ सालच्या 'नाइटमेअर ॲट २०,००० फीट'मध्ये वेड्यांच्या इस्पितळातून नुकता सुटलेला विल्यम शॅटनर खिडकीबाहेर बघतो तर पंखावर कुणीतरी बसून इंजिन उचकटतंय. तो प्राणी आज हसू आणतो. मेळ्यातल्या मुलाला घोंगडी पांघरून अस्वल करावं तसा दिसतो. तरीही भाग घट्ट धरून ठेवतो, कारण भीती अस्वलाची नाहीच. हाक मारून दुसऱ्याला दाखवायला जावं तर पंख रिकामा, आणि बायको ज्या मायेने झोपेची गोळी पुढे करते ती माया त्या अस्वलापेक्षा भयंकर. २०१९ मध्ये त्याचं 'नाइटमेअर ॲट ३०,००० फीट' झालं. महागाई दुसरं काय! पंखावर कुणी नाही. आता प्रवाशाला एक ध्वनिमुद्रित कार्यक्रम ऐकू येतो, त्यात ह्याच विमानाच्या नाहीसं होण्याची हकिगत आहे, आणि वाचवायच्या त्याच्या खटपटीपायीच विमान पडतं. कल्पना अस्सल आहे. पण शॅटनरची कीव येते तशी ह्याची येत नाही. ह्याचा नुसता उलगडा होतो.

त्या हंगामाच्या शेवटच्या भागात तर त्यांनी सर्लिंगलाच संगणकाच्या करामतीने उभं केलं. आयुष्यभर बाजूला उभं राहून बोललेल्या माणसाला ओढून गोष्टीत घातलं. श्राद्धाला पूर्वजांचं पान वाढावं, पूर्वजांना पंगतीत आणून बसवू नये. शिवाय हा सगळा हंगाम त्यांनी वेगळ्या कृष्णधवल रूपातही काढला. नवी पँट मुद्दाम गुडघ्यावर फाडून विकतात त्यातलाच प्रकार.

ह्या सगळ्यांचं काय चुकत होतं, ते खरं म्हणजे सर्लिंगने ३० ऑक्टोबर १९५९ लाच, मालिकेच्या पाचव्या भागात सांगून ठेवलं होतं. भागाचं नाव 'वॉकिंग डिस्टन्स'. जाहिरात कंपनीतला छत्तीस वर्षांचा मार्टिन स्लोन, शहराला विटलेला. मोटार दुरुस्तीला टाकतो आणि दीड मैलावरच्या आपल्या जुन्या गावी चालत जातो. गाव त्याच्या लहानपणीचंच आहे. आईवडील जिवंत आहेत. चक्रीपाळण्यावर तो स्वतः, अकरा वर्षांचा, बसला आहे. त्या पोराला त्याला एवढंच सांगायचं असतं, की बाबा रे, हे दिवस भोगून घे. पण पोरगं भिऊन पळतं, पाळण्यावरून पडतं, पाय मोडून घेतं, आणि त्या क्षणापासून हा मोठा माणूस लंगडू लागतो. मग वडील येतात. त्यांना आता सगळं कळलेलं असतं. ते रागावत नाहीत. ते मुलाला समजावून परत पाठवतात, की हा उन्हाळा त्या पोराचा आहे, तुझा तुला मिळून गेला. धक्का नाही, राक्षस नाही, उसनी तबकडी नाही. बर्नार्ड हर्मनचं संगीत आहे आणि दोन पुरुष रात्रीच्या वेळी एका थांबलेल्या पाळण्यापाशी हळू आवाजात बोलताहेत. माझे वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. हा भाग मी त्या आठवड्यात तीनदा लावला. हिने एकदाही शेवट सांगितला नाही.

कंपनी मात्र दर पंधरा-वीस वर्षांनी मोटार दुरुस्तीला टाकून त्या गावाकडे चालत निघते, आणि दर खेपेला लंगडत परत येते.

तरी २०१९ च्या पोतडीत एक रत्न आहेच. 'रीप्ले'. एक काळी आई मुलाला कॉलेजात पोचवायला निघाली आहे. हातात जुना कॅमेरा. त्याचं मागे नेण्याचं बटण दाबलं की खरोखरचा काळ मागे जातो. वाटेत एक गोरा पोलीस अडवतो आणि प्रकरण विकोपाला जातं. ती काळ मागे नेते, रस्ता बदलते, खाणावळ बदलते, एकदा तर त्या पोलिसाला प्रेमाने गोड खाऊ घालायला जाते. तो पोलीस दर वेळी येतोच. शेवटी ती भावाच्या मदतीने मुलाला फाटकाच्या आत नेऊन सोडते. वर्षं जातात, घरात नात खेळायला लागते, आणि एके दिवशी तिच्या हातून तो कॅमेरा पडून फुटतो. मुलगा सहज काहीतरी आणायला म्हणून बाहेर पडतो. दारातून पोलिसांच्या गाडीचे दिवे आत येतात.

१९५६ साली सर्लिंगला जे लिहू दिलं नाही, ते हे. इथे परग्रहवासी लागला नाही, कारण त्या आईला तो पोलीसच पुरेसा परग्रहावरचा आहे. शेवटी जॉर्डन पील पुढे येऊन चार वाक्यं बोलतो. त्या भागात तेवढी बोलला नसता तरी चाललं असतं.